तीन नंबरचा खांब

बांग सुनए सहावीत होती तेव्हा एका परक्या माणसाने तिचा उजवा हात टेबलावर पसरला आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पट्टी लावली. हा माणूस म्हणजे बंदरावरच्या मुलींच्या शाळेचा हँडबॉलचा कोच. पट्टीवरचा आकडा पाहून त्याची कळी खुलली. सुनएची आई अंगणात दोरीवर माकुळाची मासळी वाळत घालत होती. तिला तो म्हणाला, "बाई, ही पोर माकुळं सुकवण्यात फुकट जाईल. मला द्या." आईने ओले हात पुसले आणि देऊन टाकली. पोरीला वसतिगृहात राहायला मिळेल, पोटभर जेवायला मिळेल, भातावर रोज मटण असेल आणि शिक्षणही होईल, असं तिला सांगितलं होतं. जेवणाचं तेवढं खरं निघालं.

सकाळी शाळेआधी सराव, दुपारी सराव, संध्याकाळच्या जेवणानंतर पुन्हा सराव. मधला जो वेळ उरायचा त्याला वर्ग म्हणायचे. वर्गात खेळाडू मुलींची जागा ठरलेली असायची, शेवटची रांग, खिडकीकडची. तिथे बसायचं म्हणजे बाकाला गाल टेकायचा, एवढाच अर्थ होता. कुणी नवा मास्तर आला आणि त्याने आवाज चढवला की पुढच्या पोरीच सांगायच्या, "सर, ती खेळाडू आहे. झोपू द्या बिचारीला." मग सर पुन्हा फळ्याकडे वळायचे. इतिहासाच्या बाई तर शेवटच्या रांगेपाशी आल्या की पाय न वाजवता चालायच्या. एका वाढदिवसाला वर्गातल्या मुलींनी वर्गणी काढून सुनएला बाकावर ठेवायची छोटी उशी दिली, हात घालायला मधे भोक असलेली. त्या उशीइतकं वाईट तिचं आयुष्यात कुणी केलं नाही, आणि देणाऱ्या पोरींच्या मनात मायेशिवाय दुसरं काही नव्हतं. याचाच मला संताप येतो. कुणी दुष्टपणा केला असता तर त्याच्या नावाने बोटं तरी मोडता आली असती.

परीक्षा मात्र सगळ्यांना द्यावी लागे. पहिल्या परीक्षेत सुनए प्रश्न वाचत बसली होती. बाहेर आल्यावर संघातल्या एका मोठ्या ताईने तिला टपली मारली.

"काय गं, वाचत होतीस म्हणे?"

"मग काय करू, ताई?"

"अगं शहाणे, तीन नंबर! पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्यांना तीन. उत्तरांच्या कार्डावर तिसरीच गोळी रंगवत सरळ काळा खांब उभा करायचा आणि झोपायचं. सगळ्या ताया तेच करत आल्यात."

प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय असत, आणि मास्तर लोक बरोबर उत्तरं पाचांत सारखी वाटून टाकत. त्यामुळे खांब उभा केला की शंभरातले वीस हमखास पदरात पडत. वीस मार्कांवर खेळाडूला कुणी रागावत नसे. सुनएने त्या शाळेत आणि पुढच्या शाळेत मिळून इतके खांब उभे केले की शेवटी शेवटी पेपर उघडायचीही तसदी घेतली नाही. चेंडू हातात आला की मात्र तिच्यासारखी तीच. गोलपुढे उडी मारून ती हवेतच अशी थांबायची की समोरची गोलकीपर आधी खाली बसायची.

पुढे एका कंपनीच्या संघाने तिला घेतलं. चार हंगाम बरे गेले. मग एका सामन्यात उडी मारून ती खाली आली ती गुडघ्यावरच. शस्त्रक्रिया झाली, दुसरी झाली, आणि कंपनीने फुलांचा गुच्छ देऊन तिला घरी पाठवलं. ती परत बंदरावर आली आणि मासळीच्या कारखान्यात लागली. पोलाक मासळीची गाभोळी, म्हणजे पोटातली अंडी, काढायची, धुवायची, खाऱ्या पाण्यात मुरवायची. कामाला वाघीण होती, म्हणून वर्षभरात तिला काम करणाऱ्या बायकांच्या एका ओळीची प्रमुख केलं. प्रमुखाचं एक काम म्हणजे पिंपातलं खारं पाणी पातळ झालं की त्यात हिशेबाने मीठ वाढवणं. सुनएने अंदाजाने मीठ टाकलं. दोन पिंपं गाभोळी नासली. मुकादम सगळ्या बायकांसमोर ओरडला, "एवढा साधा हिशेब येत नाही? शाळेत काय झोपा काढल्यास काय गं?"

"हो," सुनए म्हणाली.

बायका हसल्या, मुकादमही हसला. तिने विनोद केला असंच सगळ्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा गाभोळी धुवायला बसवलं.

जुन्या शाळेने तिला कोच म्हणून बोलावलं तेव्हा तिने पन्नाशी गाठली नव्हती पण केस पिकले होते. जुना कोच कधीच गेला होता, त्याच्यानंतर आलेले शहराकडे पळाले होते, आणि या आडबाजूच्या बंदरात यायला कुणी तयार नव्हतं. कोचची लेखी परीक्षा सुनएने घोकून घोकून दुसऱ्या खेपेला काढली. शाळेत पाऊल टाकलं तेव्हा व्यायामशाळेतला चेंडूला लावायच्या राळेचा आणि घामाचा वास तसाच होता. पोरी मात्र उरल्या होत्या सातच. बंदरात पोरंच उरली नव्हती. संघ नोंदवायला सात लागतात, म्हणजे एकीला साधा ताप आला तरी सुनए तिच्या उशाशी जाऊन बसायची.

त्या सातांतली एक ओक दानबी. बाप माकुळाच्या होडीवर, आई शहरात कुठेतरी कामाला, फोन करायची तेव्हा करायची. प्राथमिक शाळेत ही पोरगी अर्धं वर्ष शाळेत न जाता धक्क्यावर बसून काढायची. सुनएने तिला तिथेच पाहिलं होतं, समुद्रपक्ष्यांना दगड मारताना. एकही दगड वाया जात नव्हता.

"रोज येशील सरावाला?"

"शाळेत बसावं लागेल?"

"लागेल."

"मग येते. पण फक्त चेंडूसाठी हां, कोच."

आणि ती खरंच येऊ लागली. एक दिवसही चुकवला नाही. हँडबॉल होतं म्हणून ती शाळेत यायची, आणि हँडबॉल होतं म्हणूनच शाळेत झोपायची. दोन्ही खरं होतं. सुनएच्या वेळी नव्हता असा एक नियम आता आला होता, आणि तो करणाऱ्यांना यातलं एकच खरं दिसलं असावं. हिवाळ्यातल्या वर्षअखेरच्या परीक्षेत कुठल्याही एका मुख्य विषयात खेळाडूचे मार्क वर्गाच्या सरासरीच्या चाळीस टक्क्यांच्या खाली गेले, तर पुढचं अर्धं वर्ष तिने सामन्यात उतरायचं नाही. सरासरी पन्नास आली तर वीस हवेत. सरासरी वर गेली की रेघही वर जाणार. नियम वाईट हेतूने केलेला नव्हता. सुनएसारख्या पोरी पुन्हा होऊ नयेत म्हणूनच केला होता.

गणित शिकवायला प्यो सर होते. निवृत्तीला आलेले, तिरकस बोलणारे, पण एकाही पोरीला वर्गात झोपू न देणारे. दानबीच्या बाकावर खडू आपटून ते म्हणायचे, "उठा बाईसाहेब, ऑलिंपिक संपलं. पदकं वाटून झाली." मग एक दिवस ते व्यायामशाळेत आले आणि सुनएला म्हणाले, "सरावाआधी अर्धा तास ही पोरगी मला द्या."

"सर, तेवढ्या वेळात तिचं अंग गरम करून होतं."

"अंग गरम असतं हो तिचं. डोकं थंड पडलंय."

सुनएने नाइलाजाने दिली. पहिले काही दिवस ती स्वतःही वर्गाच्या मागे जाऊन बसली, पोरगी पळून जाऊ नये म्हणून. सर फळ्यावर खाऱ्या पाण्याची गणितं घालत होते, इतक्या पाण्यात इतकं मीठ, आणखी पाणी ओतलं तर काय होईल. सुनएला कारखान्यातली ती दोन पिंपं आठवली आणि तिने मान खाली घातली. ऐकूनही तिला काही उमजत नव्हतं. दानबी मात्र एकदा मधेच बोलली, "थांबा सर. पाणी ओतलं तरी मीठ तेवढंच राहतं ना? मग मिठालाच धरून ठेवायचं." सर खडू हातात धरून तिच्याकडे पाहतच राहिले. परत जाताना ते सुनएला हळूच म्हणाले, "बाई, हिला कुणी आजवर जागं ठेवलं नाही, एवढंच झालंय."

हिवाळ्याआधी एक चाचणी झाली. ती नियमात धरत नसत. दानबीने आयुष्यात पहिल्यांदा खांब न उभारता प्रश्न वाचून उत्तरं दिली, आणि तिला चौदा मार्क पडले. खांब उभारणाऱ्या बाकी पोरींना वीस, बावीस. पोरींनी तिला दिवसभर चिडवलं. "गणितज्ञ आल्या गं! चौदावं रत्न!" प्यो सर मात्र खूश होते. ते म्हणाले, "हे चौदा तिचे स्वतःचे आहेत. पुढच्या वेळी बघा." सुनए हसली, पण चौदा हा आकडा तिच्या डोक्यातून गेला नाही.

त्याच सुमारास मुख्याध्यापिकाबाईंनी तिला बोलावून बसवलं आणि चहा दिला. त्या चहा द्यायच्या तेव्हा बातमी चांगली नसायची. वसंतात प्रांताच्या स्पर्धेत संघ उतरला नाही तर संघ बंद करायचा, असं वरून ठरलं होतं. सात पोरी होत्या आणि सातही लागणार होत्या. इतर सहाजणी दुसऱ्या इयत्तांत होत्या, त्या खांबावर कशाबशा तरून जातील असं वाटत होतं. दानबीचं गणित तेवढं अधांतरी होतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी सुनए शाळेच्या फाटकाशी उभी राहिली. तिने दानबीच्या हातात परीक्षेला देतात ती चिकट गोड वडी ठेवली, म्हणजे यश चिकटून राहावं. दानबी वडी चघळत उभी होती आणि आनंदात होती. तेच सुनएला सोसवलं नाही.

"येतं का गं तुला?"

"येतं थोडं, कोच. सर म्हणतात बरंच येतं."

"सर म्हणतात. चाचणीला काय झालं?"

दानबीने वडी चघळायची थांबवली.

"हे बघ, मी तुला वाईट म्हणत नाही. पण आपलं डोकं चेंडूपुरतंच आहे, ते मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी रेघ वीसच्या खाली होती. खांबाला वीस येतात म्हणजे येतात. आज धोका नको."

"म्हणजे?"

"तीन. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"सगळे? मला येत असेल तरी?"

"सगळे. मधे बदलायला गेलीस की हिशेब बिघडतो. संघाचा जीव आहे यात, दानबी."

कोचने सांगितलं की पाय जोडून, हात खाली सोडून, मोठ्याने "हो, कोच" म्हणायचं. का, कशाला, असलं विचारायचं नाही. सुनए लहानपणी हेच शिकली होती आणि हेच तिने पुढे शिकवलं होतं. दानबीने वडी गालात सरकवली, पाय जोडले आणि फाटकाशी उभ्या सगळ्या आयांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "हो, कोच!"

सुनएला त्या पोरीचं वाईट करायचं नव्हतं. तिला फक्त विश्वास नव्हता, आणि तो नसणं तिला कुणीतरी फार प्रेमाने, शेवटच्या रांगेत, पाय न वाजवता शिकवलं होतं.

निकाल लागला तेव्हा प्यो सर स्वतः व्यायामशाळेत आले. सरांना इतकं म्हातारं सुनएने कधी पाहिलं नव्हतं.

"वीस," ते म्हणाले.

"वीस आले ना? मग झालं की, सर!"

"रेघ सव्वीसवर गेलीय, बाई."

सुनएला कळेना. मग सरांनी सांगितलं. तेही शेवटी माणूसच. दानबी निभावून जावी म्हणून त्यांनी यंदाचा पेपर सोपा काढला होता. तिने केलेली गणितंच थोडे आकडे बदलून घातली होती. पेपर सोपा निघाला तो सगळ्यांनाच. वर्गाची सरासरी पासष्टला गेली आणि तिच्याबरोबर रेघही. "पण मला हे समजत नाही," सर म्हणाले, "तिला यातलं येत होतं. एक नाही, कितीतरी येत होती."

त्यांनी दानबीला रिकाम्या वर्गात बोलावलं. सुनएही गेली. सरांनी फळ्यावर पेपरातलंच गणित लिहिलं. सहा टक्क्यांचं खारं पाणी, दोनशे ग्रॅम. किती पाणी ओतलं तर चार टक्के होईल?

दानबीने खडू हातातही घेतला नाही. "मीठ बारा ग्रॅम. ते कुठं जात नाही. बारा ग्रॅम चार टक्के व्हायला तीनशे ग्रॅम पाणी लागतं, मिठासकट. दोनशे आहे. म्हणजे शंभर ओतायचं."

"पर्याय कितवा होता?"

"पहिला."

"तू काय केलंस?"

"तीन."

सरांनी दुसरं घातलं. तेही आलं. तिसरं आलं. एकात ती अडखळली, मग स्वतःच पुसून तिने ते सोडवलं. सर एकेक लिहीत गेले आणि दरवेळी त्यांचा आवाज बारीक होत गेला. शेवटी त्यांनी खडू खाली ठेवला.

"अगं पोरी, मग तीन का लिहीत सुटलीस?"

दानबीला प्रश्नच कळला नाही. तिने सुनएकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, तक्रार नव्हती. सरावात पुढची सूचना यायची वाट पाहतात तशी ती पाहत होती.

"कोच म्हणाल्या होत्या ना," ती म्हणाली. "खांब."

प्यो सरांनी सुनएकडे पाहिलं नाही. तेवढी दया त्यांनी केली. सुनएला वाटलं, त्यांनी सगळ्या शाळेसमोर आपल्या तोंडात मारायला हवी होती.

ती मुख्याध्यापिकांकडे गेली, रडली, चूक माझी आहे म्हणाली, मला काढा म्हणाली. बाईंनी पुन्हा चहा दिला. कार्ड मशीनने वाचलं होतं आणि मशीनला कोण काय म्हणालं होतं ते कळत नाही. वसंतात संघ उतरला नाही. व्यायामशाळेतल्या गोलांच्या जाळ्या काढून गुंडाळून ठेवल्या, आणि सुनएचा करार तिथेच संपला. इतर सहाजणींचंही खेळणं दानबीबरोबर गेलं, पण त्यांतल्या एकीनेही दानबीला बोल लावला नाही. तिने कोचचं ऐकलं होतं. तिच्या जागी त्यांनीही तेच केलं असतं.

प्यो सरांनी निवृत्त व्हायच्या आधी दानबीला पुन्हा बसवायचा प्रयत्न केला. "आता सराव नाही. आता तर वेळच वेळ आहे तुला," ते म्हणाले.

"आता कशाला, सर?" दानबी म्हणाली.

ती चेंडूसाठी यायची. चेंडू गेला. हजेरीपुरती येत राहिली, शेवटच्या रांगेत, खिडकीकडे. नव्या मास्तरांनी एकदा तिला उठवायचं म्हटलं तर पुढची कुणीतरी सवयीने म्हणाली, "झोपू द्या सर, खेळाडू आहे." मग आठवून गप्प बसली. दानबी वरच्या शाळेत गेली आणि पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आत तिने शाळा सोडली. हे सगळं सुनएला कारखान्यातल्या बायकांकडून कळत गेलं. ती पुन्हा गाभोळी धुवायला बसली होती.

एका सकाळी रबरी बूट घातलेली एक उंच पोरगी तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"कोच."

कारखान्यात तिला सगळे ताई म्हणत, नाहीतर मावशी. कोच म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. सुनएने वर पाहिलंच नाही. थोडं सरकून तिने जागा करून दिली. दानबीनेही जास्त काही विचारलं नाही. दोन दिवसांत तिचे हात सगळ्यांपेक्षा जलद चालू लागले. तिचा पंजा सुनएपेक्षाही मोठा होता.

थंडीच्या ऐन हंगामात मुकादम आजारी पडला आणि पिंपातलं पाणी पातळ झालं. आता ओळीवर एक तरणी प्रमुख होती. ती घाबरून इकडेतिकडे बघू लागली. "शंभर किलो आहे, आठ टक्क्यांचं. बारा करायचंय. चार किलो मीठ टाकू का?"

"चार नाही," दानबी आपल्या जागेवरून म्हणाली. "मीठ टाकलं की त्याचंही वजन वाढतं ना. साडेचार किलो. किंचित जास्तच."

ती उठली, तिने मीठ तोललं आणि घमेलं उचलून पिंपाच्या काठाशी नेलं. तिथे ती थांबली आणि मागे वळली.

"कोच, बरोबर ना?"

सगळ्या बायका सुनएकडे पाहू लागल्या. ते बरोबर होतं की चूक, सुनएला सांगता आलं नसतं. तेव्हाही आलं नसतं, आजही येत नव्हतं.

"मला नको विचारूस," ती म्हणाली. "तुला येतंय ना? मग तुला येतंय तेच कर."

दानबीने घमेलं कंबरेवर टेकवलं आणि रबरी बुटांतले पाय जोडले. "हो, कोच!" ती मोठ्याने म्हणाली. अगदी त्या सकाळी फाटकाशी म्हणाली होती तशीच.

मग तिने मीठ पिंपात ओतलं. सुनए खाली मान घालून गाभोळी धूत राहिली.